अंड्यापुरती जमीन

भर समुद्रात राहणाऱ्या पक्ष्याला जमीन लागते ती फक्त अंड्यासाठी. खाणं, झोपणं, जुनी पिसं टाकून नवी येणं, हिवाळ्यातली वादळं सोसणं, हे सगळं तो पाण्यावर उरकतो. तहानसुद्धा खाऱ्या पाण्यावर भागवतो आणि जास्तीचं मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथींतून गाळून नाकावाटे टाकून देतो. अंड्याला मात्र टेकायला काहीतरी घट्ट लागतं. तेवढ्यासाठी वर्षातले तीन-चार महिने हजारो पक्षी किनाऱ्यावरच्या आणि बेटांवरच्या कड्यांवर येतात. या काळात आपण त्यांना जवळून पाहू शकतो, आणि त्यांच्याबद्दल आपल्याला जे काही ठाऊक आहे त्यातलं बरंचसं या तीन-चार महिन्यांतलं आहे.

वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला, पेम्ब्रोकशायरच्या किनाऱ्यासमोर स्कोमर नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ तीनशे हेक्टरांच्या आत. मुख्य भूमीपासून ते जेमतेम सव्वा किलोमीटरवर आहे, पण मधली खाडी भरती-ओहोटीला अशी उसळते की नवख्यानं होडी घालू नये. मार्टिन्स हेवनच्या छोट्या बंदरातून छोटी बोट सुटते. दिवसाला फक्त २५० माणसांना बेटावर उतरू देतात. बोटीत चढण्याआधी आपापल्या पिशव्या तपासून घ्यायच्या असतात, कारण स्कोमरवर उंदीर नाहीत आणि ते कधीच येऊ नयेत अशी तिथल्या लोकांची धडपड आहे. जमिनीत बिळं करून अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या बेटावर उंदरांची एक गाभण मादी पोचली, तरी काही वर्षांत बेट ओस पडू शकतं.

जूनमध्ये वेंगुर्ल्याहून आत्या आमच्याकडे आली होती. तिला लंडन बघण्यात फारसा रस नव्हता, पण दर्या म्हटल्यावर ती एका पायावर तयार झाली. बोट बंदराबाहेर पडली तसं तिनं पाण्याकडे बघून ओहोटी लागल्याचं सांगितलं, आणि बोटवाल्यानं नंतर तेच सांगितलं तेव्हा तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. आमच्या आजूबाजूला पाण्यावर शेकडो पफिन तरंगत होते. काळी पाठ, पांढरं पोट, केशरी पाय आणि तिरंगी चोच. बोट जवळ आली की काही बुडी मारत, काही पाण्यावर धावत धावत कसेबसे उडत. त्यांचे पंख पाण्याखाली पोहण्यासाठी बनलेत. हवेत तरंगायला तोकडे पडत असल्यामुळे ते अखंड फडफडवावे लागतात.

धक्क्यापासून वर जायला ८७ पायऱ्या आहेत. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना बिळं, आणि बिळांच्या तोंडाशी पफिन. मध्ययुगात कुणीतरी मांस-कातड्यासाठी या बेटावर ससे आणून सोडले. त्यांनी पोखरलेली जमीन पुढे पफिनांनाही आयती मिळाली. जिथे आयतं बीळ नाही तिथे पफिन स्वतः चोचीनं माती उकरतो आणि पायांनी मागे लोटतो. पायवाट सोडून एक पाऊल टाकलं तरी खालचं छत कोसळून आतलं पिल्लू गाडलं जाऊ शकतं, म्हणून वाट सोडायची नाही असा तिथे सक्त नियम आहे.

एक पफिन आमच्यासमोर पाच-सहा हातांवर उतरला. त्याच्या चोचीत सँडईल नावाची बारीक चंदेरी मासळी आडवी लटकत होती, डावीकडे डोकी, उजवीकडे शेपट्या, सात-आठ तरी असतील. आधीचे मासे न सांडता तो पुढचा कसा पकडत असेल, हे आत्याला कळेना. त्याच्या जिभेवर आणि टाळ्यावर मागे वळलेले काटे असतात. पकडलेला मासा जिभेनं टाळ्याशी दाबून धरला की चोच पुढच्या माशासाठी मोकळी राहते. पफिनाचं बीळ वाटेच्या पलीकडे होतं आणि आम्ही मध्ये उभे होतो. आम्ही बाजूला झालो. त्यानं मान वळवून एकदा आकाशात कुरव आहेत का पाहिलं, कारण कुरव हा घास हिसकावून नेतात. मग तो तुरुतुरु धावत वाट ओलांडून बिळात शिरला. आत काळोखात त्याचं एकुलतं एक पिल्लू होतं.

आत्यानं विचारलं, "हिवाळ्यात खंय जातत मगे?" मी सांगितलं की जुलै संपता संपता बेटावर जवळजवळ एकही पफिन उरत नाही. चोचीवरचे रंगीत पापुद्रे गळून पडतात, तोंड काळपट होतं आणि पक्षी अटलांटिकमध्ये पसरतात. पुढचे सात-आठ महिने त्यांच्या पायांना जमीन लागत नाही. वसंतात त्याच बेटावर, बहुधा त्याच बिळाशी आणि त्याच जोडीदाराकडे ते परत येतात. पिल्लूही मोठं झाल्यावर पुष्कळदा आपल्या जन्माच्या बेटावर येतं. आत्यानं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे ही पाखरां बाळांतपणाक म्हायेराक येतत."

पक्ष्यांवरच्या पुस्तकांत पक्षी आणि जमीन यांच्या नात्याबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं, पण इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. माहेर हे काही लेकीचं नांदतं घर नव्हे. तिचा संसार दुसरीकडे असतो, तिचे खरे कष्ट तिथेच असतात, माहेरच्यांना त्यातलं थोडंच कळतं. पण तिचं अडलेलं बाळंतपण पार पाडण्याचा भार माहेरच्या उंबऱ्यावर येतो, आणि त्यासाठी तो उंबरा जागेवर असावा लागतो.

बेटाच्या दक्षिणेला 'द विक' नावाची अरुंद खाडी आहे. तिच्या एका बाजूला उतरत गेलेली सपाट शिळा आणि दुसऱ्या बाजूला सरळसोट काळा कडा. कडा दिसण्याआधी त्याचा आवाज येतो आणि त्याहीआधी वास, मासळीचा आणि शिटेचा. त्या कड्यावर मजल्यामजल्यांनी पक्षी बसलेले असतात. किटिवेक नावाचे नाजूक कुरव चिखल आणि गवत थापून इवल्याशा कंगोऱ्यावर घरटं चिकटवतात आणि दिवसभर आपल्याच नावानं ओरडतात. भेगांच्या आडोशाला रेझरबिल असतात, काळ्या जाड चोचीवर एक पांढरी रेघ असलेले. आणि उघड्या फरशीसारख्या कंगोऱ्यांवर, खांद्याला खांदा लावून, ओळीच्या ओळी गिलेमॉट.

दुर्बीण मी एका कंगोऱ्यावर स्थिर केली. रुंदी वीतभर असेल नसेल. त्यावर दहा-बारा गिलेमॉट कड्याकडे तोंड करून उभे होते. गिलेमॉट घरटं करत नाही. काडी नाही, गवत नाही, नुसत्या खडकावर एक अंडं. एका चौरस मीटरमध्ये वीस जोड्या ही त्यांच्यात नेहमीची गोष्ट आहे. एक पक्षी किंचित उठला तेव्हा त्याच्या पायांवर टेकलेलं अंडं दिसलं. निळसर हिरवं, त्यावर तपकिरी रेघोट्या, एका टोकाला निमुळतं. शेजारणीचं अंडं फिकट पांढरं होतं, ठिपक्यांचं. गिलेमॉटच्या दोन माद्यांची अंडी सहसा सारखी नसतात, आणि एक मादी मात्र जन्मभर साधारण एकाच रंगाचं अंडं घालते. एवढ्या दाटीत आपलं अंडं ओळखता यावं म्हणून ही तजवीज. अंड्याच्या आकाराबद्दल पूर्वी सांगत की ते घरंगळलं तर गोल फिरून जागेवर येतं. अलीकडच्या अभ्यासातून असं दिसतं की त्या लांबट, निमुळत्या आकारामुळे ते उतरत्या खडकावर मुळातच अधिक स्थिर राहतं.

तेवढ्यात एक गिलेमॉट समुद्रावरून सरळ त्या गर्दीत येऊन आदळला. त्याच्या चोचीत एकच मासा होता, उभा धरलेला, डोकं आत आणि शेपूट बाहेर. शेजाऱ्यांनी चोची मारल्या, त्यानं मान खाली घालून त्या सोसल्या आणि आपल्या जोडीदाराजवळ पोचला. जोडीदाराच्या पंखाखालून राखाडी पिल्लू बाहेर आलं, मासा डोक्याकडून अख्खा गिळला आणि पुन्हा पंखाखाली गेलं. मग ते दोघं एकमेकांच्या मानेची पिसं विंचरत राहिले. थोड्या वेळानं त्यातल्या एकानं मघाशी चोच मारणाऱ्या शेजाऱ्याचीही पिसं विंचरली. जिथे मान वळवायला जागा नाही तिथे भांडण असंच मिटवावं लागत असेल.

हे पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की, उडता येत नसताना, संध्याकाळच्या उजेडात कड्यावरून उडी मारतं. खाली पाण्यावर बाप हाका मारत असतो. अंड्यात असल्यापासून पिल्लाला आई-बापाचे आवाज ओळखीचे असतात, त्यामुळे शेकडो हाकांतून ते आपल्या बापाची हाक ओळखतं आणि त्याच्याकडे पोहत जातं. पुढचे दोनेक महिने बापच त्याला समुद्रात सांभाळतो, आई आणखी काही दिवस कड्यावरची जागा राखून बसते. पण दिवसभरासाठी आलेले सगळे परतीची बोट दुपारीच गाठतात. त्यामुळे ही उडी दिवसाच्या पाहुण्याला दिसत नाही.

या कड्यांवर १९३० च्या दशकात सुमारे एक लाख गिलेमॉट होते. १९७२ साली टिम बर्कहेड हा तरुण संशोधक इथे आला तेव्हा दोनेक हजार उरले होते. मधल्या काळात महायुद्ध होऊन गेलं होतं. पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांचं तेल पाण्यावर पसरलं आणि पाण्यावर जगणाऱ्या या पक्ष्यांच्या पिसांत शिरलं. पिसं एकमेकांना चिकटली की थंड पाणी कातडीपर्यंत पोचतं आणि पक्षी गारठून मरतो. बर्कहेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिलेमॉटच्या पायात कडी घातली आणि कोण परत आलं, कोण नाही, कुणाचं पिल्लू जगलं, याची नोंद दर वर्षी ठेवली. गिलेमॉट साधारण सहा-सात वर्षांचा झाल्यावर पहिल्यांदा जोडी जमवतो आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं जगू शकतो. अशा प्राण्याबद्दल दोन-तीन वर्षांच्या अभ्यासातून काहीच कळत नाही. २०१४ मध्ये सरकारी पैसा थांबला तेव्हा बर्कहेडनी लोकांकडून वर्गणी गोळा करून ही नोंद चालू ठेवली. आज तिथे २५ हजारांहून जास्त गिलेमॉट आहेत. ते वाढले असं आपण ठामपणे म्हणू शकतो, कारण ते सगळ्यांत कमी होते तेव्हाही कुणीतरी ते मोजत होतं.

याच देशात माणसं पूर्वी कड्यांवर वेगळ्या कारणासाठी जात. यॉर्कशायरच्या बेम्प्टनला दोर लावून कडा उतरणारे लोक गिलेमॉटची अंडी काढत. खायला, चामड्याला चकाकी आणायला आणि संग्राहकांच्या कपाटांसाठीही. एकच मादी त्याच जागी त्याच रंगाचं अंडं घालते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून एखादं दुर्मीळ रंगाचं अंडं त्याच कंगोऱ्यावरून वर्षानुवर्षं उचललं जाई. बायकांच्या टोप्यांवर लावायला किटिवेकचे पंख कापले जात. समुद्रपक्ष्यांना विणीच्या काळात संरक्षण देणारा कायदा तिथे १८६९ साली झाला आणि अंडी काढण्याचा धंदा १९५४ च्या कायद्यानं बंद पडला. म्हणजे पक्ष्यांच्या येण्या-जाण्याचं जे बारीक ज्ञान एकेकाळी लुटीच्या कामी येत होतं, तेच पुढे राखणीच्या कामी आलं. हा पालट तिथे माणसांनी ठरवून घडवला आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

बेटाच्या मध्यभागी जुन्या शेतघराकडे जाताना वाटेत पंखांच्या जोड्या पडलेल्या दिसतात. मधलं शरीर नाही, नुसते दोन लांब काळे पंख आणि त्यांना जोडणारं हाड. आत्या थबकली. हे मँक्स शियरवॉटर. स्कोमरवर त्यांच्या साडेतीन लाखांच्या आसपास जोड्या आहेत, इतकी मोठी वसाहत जगात दुसरी नाही. आमच्या पायांखालच्या जमिनीत त्या क्षणी लाखो पक्षी अंड्यांवर आणि पिल्लांवर बसलेले होते, आणि वर एकही दिसत नव्हता. त्यांचे पाय शरीराच्या इतके मागे असतात की जमिनीवर त्यांना नीट चालता येत नाही. दिवसाउजेडी बाहेर पडले तर मोठे काळ्या पाठीचे कुरव त्यांना खातात. म्हणून ते काळोख पडल्यावर समुद्रावरून येतात आणि चांदण्या रात्री शक्यतो टाळतात.

शेजारच्या स्कोखोम बेटावर रोनाल्ड लॉकली १९२७ पासून राहत होते. शियरवॉटर बिळात किती दिवस बसतो, पिल्लू कधी बाहेर पडतं, हे त्यांनी तिथे राहून शोधलं. १९५२ साली स्कोखोमवरचा एक शियरवॉटर विमानानं अमेरिकेत बॉस्टनला नेऊन सोडण्यात आला. साडेबारा दिवसांनी तो सुमारे पाच हजार किलोमीटर समुद्र ओलांडून आपल्या बिळात हजर झाला. त्याला सोडल्याचं कळवणारं पत्र त्याच्या मागून पोचलं. हेच पक्षी शरद ऋतूत ब्राझील-अर्जेंटिनाच्या समुद्रात जातात. त्यांच्यातले काही पन्नास वर्षांहून जास्त जगल्याच्या नोंदी आहेत. एवढ्या आयुष्यात एवढा समुद्र पालथा घालून त्यांना परत यायचं असतं ते हातभर लांबीच्या एका बिळात.

पश्चिमेकडे समुद्रात ग्रासहोम नावाचं लहानसं बेट दिसतं. दुरून ते अर्धं पांढरं दिसतं. तो पांढरेपणा गॅनेट पक्ष्यांचा आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात तिथे बर्ड फ्लू शिरला. त्या वर्षी सुमारे ३४ हजार घरट्यांच्या जागा मोजल्या होत्या, पुढच्या वर्षी त्या साडेसोळा हजारांवर आल्या. इथून जवळच मिलफर्ड हेवनच्या तोंडाशी १९९६ साली 'सी एम्प्रेस' हे जहाज खडकावर चढलं आणि ७२ हजार टन तेल सांडलं होतं. स्कोमरचे पफिन सध्या वाढत आहेत, २०२३ च्या मोजणीत ते ४२ हजारांवर गेले. पण जगभरात त्यांची संख्या घटते आहे, किटिवेकचीही, आणि समुद्र तापल्यामुळे सँडईल कमी होणं हे त्याचं एक मोठं कारण आहे. बेटावर आपण उंदीर येऊ देत नाही, पायवाट सोडत नाही, पण त्यांची चूल पेटते ती दूर समुद्रात, जिथे आपला पहारा नाही.

परतीच्या बोटीची वाट बघत असताना आत्या वेंगुर्ल्याच्या खडकांबद्दल बोलू लागली. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात खडकांचा एक समूह आहे, त्यातल्या एकावर दीपगृह आहे. हवा स्वच्छ असली की किनाऱ्यावरून ते दिसतात. तिच्या लहानपणी पुरुषमाणसं मासेमारीवरून आली की तिथल्या पाखरांच्या गोष्टी सांगत. पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे ज्यांचं नाव घराघरांत गेलं ते अ‍ॅलन ह्यूम १८७५ साली या खडकांवर जाऊन आले आणि तिथल्या पक्ष्यांबद्दल त्यांनी लिहिलं. १९४० च्या सुमारास हुमायून अब्दुलालींनी तिथल्या सुरय आणि पाकोळ्यांचा अभ्यास केला. ब्रायडल्ड टर्न हे काळसर पाठीचे सुरय तिथे उघड्या खडकावर वीण करतात, आणि गुहेत पाकोळ्या स्वतःच्या लाळेची घरटी करतात. परदेशात त्या घरट्यांचं सूप करतात, म्हणून ती चोरून काढली जात. या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं ती चोरी थांबवण्यासाठी कंबर कसली. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर कधीकधी वादळानं थकलेले बूबी पक्षी येऊन पडतात, तेव्हा वर्तमानपत्रात फोटो येतो. आपल्या समुद्राचेही पक्षी आहेत, हे बहुतेकांना तेव्हा कळतं.

मी आत्याला विचारलं, तिथेही अशी माणसं नेता येतील का, दर वर्षी मोजता येईल का? ती म्हणाली, "पावसात थंय होडी लागाची नाय. पण त्याच्या आधी दर्या निवळ असता, तेवा जावक येता." हे उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. स्कोमरचा कडा मला आवडला तो तिथे पक्षी भरपूर आहेत म्हणून, पण त्याहून जास्त आवडली ती तिथली सातत्याची सवय. कुणीतरी आपल्या तरुणपणी मोजायला लागतं, म्हातारपणापर्यंत मोजतं आणि वही पुढच्याच्या हाती देतं. पक्षी कमी झाले तरी मोजतं, सरकारनं हात आखडला तरी मोजतं. दर्यावर काय घडतंय ते या मोजणीतून किनाऱ्यावर कळतं. तिथली मासळी घटली की पिल्लं मरतात, आणि पिल्लं मेली की वहीतला आकडा खाली येतो.

वेंगुर्ल्याच्या खडकांसाठीही मला हेच हवं आहे. पर्यटन नको, धक्का नको, पायऱ्या नकोत. एक होडी, तो समुद्र ओळखणारा तांडेल, दुर्बीण, वही, आणि दर वर्षी त्याच आठवड्यात जाणारी माणसं, एवढ्यात मोजणी होते. होडी आणि तांडेल वेंगुर्ल्यात आहेत, दुर्बीण आणि वही कुठूनही आणता येते. वीस-तीस वर्षं न चुकता जायचं, हे मात्र आपण ठरवल्याशिवाय होणार नाही.